बॅटरी कारखान्याच्या विस्तारातून खरोखर किती आणि कोणत्या नोकऱ्या मिळतात?

गोदाकाठ (प्रश्न):

सप्रेम नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगर येथील एका तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवतो. जून २०२४ मध्ये बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक क्षेत्रात विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या एथर एनर्जीच्या कारखान्याची घोषणा झाली. त्या वेळी दोन हजार कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक, वर्षाला दहा लाख वाहने, तितकेच बॅटरी पॅक आणि सुमारे ४,००० रोजगार असे आकडे सांगण्यात आले. तेव्हापासून शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला विचारत आहेत की, आता बॅटरीचा अभ्यासक्रम करावा का, आणि केला तर नोकरी पक्की आहे का. काही पालक जमिनीचा तुकडा विकून मुलाला खासगी संस्थेच्या महागड्या प्रशिक्षणाला पाठवण्याच्या तयारीत आहेत, म्हणून त्यांना अंदाजाने उत्तर देणे मला योग्य वाटत नाही.

बॅटरी कारखाना उभारला, पुढे त्याचा विस्तार झाला आणि त्यातून आलेल्या रोजगाराचे बरेवाईट आता सांगता येते, अशी जुनी उदाहरणे मी शोधत आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या हॉलंड येथील एलजीच्या कारखान्याबद्दल मी थोडे वाचले आहे. घोषणेतला आकडा प्रत्यक्षात कधी उतरतो, कोणत्या पात्रतेची माणसे लागतात, आणि बाजार फिरला की त्या माणसांचे काय होते, हे ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ग्रँडनदी:

सर, मी पश्चिम मिशिगनमध्ये बरीच वर्षे राहतो आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगात काम करतो. हॉलंड हे मिशिगन सरोवराच्या काठावरचे, डच वसाहतकारांनी १८४७ मध्ये वसवलेले गाव आहे. ऑफिसचे फर्निचर आणि मोटारींच्या आतील भाग यांचे कारखाने तिथे पूर्वीपासून असल्यामुळे शिफ्टमध्ये काम करणारा कुशल कामगार त्या भागात होताच. हे आधी सांगतो, कारण कारखाना कुठे येतो यात या गोष्टीचा वाटा मोठा असतो.

या कारखान्याचे भूमिपूजन जुलै २०१० मध्ये झाले आणि त्याला राष्ट्राध्यक्ष ओबामा स्वतः आले होते. मंदीनंतरच्या उत्तेजन योजनेतून केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे १५.१ कोटी डॉलरचे अनुदान दिले होते आणि ४४० नोकऱ्यांचे आश्वासन होते. इथे बनणारे सेल, म्हणजे ज्या सुट्या घटकांपासून बॅटरी जोडतात ते, शेवरले व्होल्ट या गाडीत जायचे होते. गाडीचा खप अपेक्षेपेक्षा बराच कमी राहिला आणि तिला लागणारे सेल कोरियातील ओचांगच्या कारखान्यातूनच येत राहिले. इमारत उभी होती, यंत्रे बसली होती, माणसेही घेतली होती, पण काम नव्हते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये ऊर्जा खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. त्यात म्हटले होते की, अनुदानातील १४.२ कोटी डॉलर खर्च होऊनही ठरलेल्या नोकऱ्यांपैकी निम्म्याही निर्माण झालेल्या नाहीत. कामाच्या वेळेत कामगार पत्ते खेळत होते, चित्रपट पाहत होते, गावातल्या सेवाभावी संस्थांमध्ये मदतीला जात होते, आणि त्या वेळेचा पगार अंशतः सरकारी पैशातून दिला जात होता. असे सुमारे ८.४ लाख डॉलर कंपनीला परत करावे लागले. त्या कामगारांना दोष देणे मला कधीच पटले नाही. शिकून, निवड होऊन, गणवेश घालून रोज कामावर यायचे आणि हाताला काम नाही, ही अवस्था कोणत्याही मेहनती माणसाला आतून पोखरते.

प्रत्यक्ष उत्पादन २०१३ च्या उत्तरार्धात सुरू झाले, म्हणजे भूमिपूजन आणि पहिला माल यांत तीन वर्षे गेली. त्यानंतर मात्र कारखाना हळूहळू रुळला. मार्च २०२२ मध्ये १.७ अब्ज डॉलरच्या विस्ताराची घोषणा झाली. क्षमता, म्हणजे वर्षभरात बनणाऱ्या बॅटरींत एकूण किती वीज साठेल ती, ५ गिगावॅट अवरवरून (एक गिगावॅट अवर म्हणजे दहा लाख युनिट) २५ गिगावॅट अवरवर न्यायची आणि १,२०० नव्या नोकऱ्या द्यायच्या, असे ठरले. राज्याने अनुदान आणि करसवलत मिळून सुमारे १९ कोटी डॉलर देऊ केले. भागाकार केला तर एका नोकरीमागे दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम येते. तिच्यावर इथे पुष्कळ वाद झाला, आणि करदात्याचा पैसा असल्यामुळे तो व्हायलाच हवा होता.

पुढचा भाग तुमच्या विद्यार्थ्यांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये टोयोटाने वर्षाला २० गिगावॅट अवरच्या पुरवठ्याचा करार केला आणि त्यासाठी मिशिगनमध्ये आणखी सुमारे ३ अब्ज डॉलर घालण्याचे कंपनीने जाहीर केले. पुढच्याच महिन्यात, जुन्या लाइन बदलायच्या म्हणून सुमारे १७० कामगारांना कमी करण्यात आले. एकाच कारखान्यात एका बाजूला विस्तार आणि दुसऱ्या बाजूला कपात, हे बाहेरून विसंगत दिसते. पण जुन्या लाइनवरचा ऑपरेटर नव्या लाइनवर आपोआप जात नाही आणि नवी लाइन चालू व्हायला वेळ लागतो, त्यामुळे मधल्या काळाची झळ कामगारालाच बसते.

२०२५ मध्ये परिस्थिती पुन्हा फिरली. विजेच्या गाड्यांवरची ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. त्याच वर्षी हॉलंडमध्ये गाड्यांऐवजी वीज साठवणुकीसाठी, म्हणजे सौरप्रकल्प आणि ग्रिड यांना लागणाऱ्या मोठ्या बॅटरींसाठी, लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचे उत्पादन सुरू झाले. गाड्यांची मागणी मंदावत असताना कारखान्याला दुसरे गिऱ्हाईक मिळाले, आणि माझ्या मते तिथले रोजगार प्रामुख्याने त्यामुळे टिकले. म्हणून एखाद्या कारखान्याचा रोजगाराचा आकडा ऐकला की, त्या मालाची मागणी कोणी नोंदवली आहे आणि ते गिऱ्हाईक मागे हटले तर तीच लाइन दुसऱ्या कुणासाठी चालू शकते का, हे मी सगळ्यात आधी पाहतो.

प्रवरा:

ग्रँडनदी यांनी बाजाराची बाजू नीट मांडली आहे. मी कारखान्याच्या आतले लिहितो. माझी सुरुवात शिसे-आम्ल बॅटरीच्या एका कारखान्यात झाली आणि सध्या मी लिथियम सेलच्या प्रक्रियेवर काम करतो.

पहिली गोष्ट अशी की, पॅक बनवणे आणि सेल बनवणे हे दोन वेगळे उद्योग आहेत, आणि बातमीत दोन्हीला बॅटरी कारखानाच म्हटले जाते. पॅकच्या कामात तयार सेल आणून ते तपासायचे, क्षमतेनुसार गट पाडायचे, मॉड्यूलमध्ये बसवायचे, बसबारचे (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) वेल्डिंग करायचे, बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमचे हार्नेस, म्हणजे तारांचे जुडगे, जोडायचे आणि शेवटी गळती व इन्सुलेशनची चाचणी घ्यायची, असा क्रम असतो. या कामाला गुंतवणुकीच्या मानाने माणसे जास्त लागतात आणि आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला मुलगा थोड्या प्रशिक्षणात तयार होतो. एथरच्या घोषणेत पॅकचा उल्लेख आहे, तेव्हा संभाजीनगरच्या मुलांनी आधी याच कामाची तयारी करावी.

सेलचा कारखाना याहून फार निराळा असतो. सुरुवातीला पावडर, बाइंडर आणि द्रावक मिसळून दाट स्लरी तयार करतात. ती तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ फॉइलवर चढवतात, लांबलचक ओव्हनमधून वाळवतात, रोलरखाली दाबतात आणि पट्ट्या कापतात. मग या पट्ट्यांचे, म्हणजे इलेक्ट्रोडचे, थर मध्ये सेपरेटरचा पातळ पडदा ठेवून एकमेकांवर रचायचे, टॅब (वीज बाहेर नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) वेल्ड करायचे, पाऊच किंवा डबा बंद करायचा आणि इलेक्ट्रोलाइट भरायचे. त्यानंतर पहिले चार्जिंग अगदी सावकाश करून सेल कित्येक दिवस नुसते ठेवून पारखावे लागतात. या शेवटच्या टप्प्याला कारखान्याची खूप मोठी जागा लागते, पण तिथे माणूस क्वचित दिसतो, कारण ट्रे उचलण्या-ठेवण्याचे काम क्रेन आणि रोबो करतात.

माणसे लागतात ती ड्राय रूममध्ये आणि मेंटेनन्समध्ये. इलेक्ट्रोलाइटला ओलावा अजिबात चालत नाही, म्हणून ड्राय रूममधला दवबिंदू, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचे दव होऊ लागते ते तापमान, उणे ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही खाली ठेवतात. आत जाताना अंगभर सूट, दुहेरी हातमोजे, मास्क आणि गॉगल घालावा लागतो. तासाभरात ओठ कोरडे पडतात, डोळे चुरचुरतात. म्हणून तिथे पाळीने माणसे बदलतात आणि बाहेर आल्यावर पाणी प्यायला लावतात. माणसाच्या श्वासातूनही ओलावा येतो, त्यामुळे एका वेळी आत किती जण असावेत याची मर्यादा असते. हे काम अवजड नसले तरी त्याला कमालीचा संयम लागतो, आणि कॅम्पस मुलाखतीच्या वेळी मुलांना ते कोणी सांगत नाही.

लहानशी चूक किती महाग पडते याचे उदाहरण ग्रँडनदी यांनी सांगितलेल्या कारखान्याशीच जोडलेले आहे. शेवरले बोल्ट गाड्यांना आगी लागल्यानंतर २०२१ मध्ये त्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सने (जीएम) सगळ्या बोल्ट परत बोलावल्या. फाटलेला ॲनोड (ऋण इलेक्ट्रोड) टॅब आणि दुमडलेला सेपरेटर हे दोन दोष एकाच सेलमध्ये एकत्र आले की धोका उद्भवत होता, असे तपासात आढळले. आधी संशय फक्त ओचांगच्या सेलवर होता, पण नंतर मिशिगनमध्ये बनलेल्या सेलचाही त्यात समावेश करावा लागला. एकूण सुमारे २ अब्ज डॉलरचा खर्च आला आणि त्यातला बहुतांश एलजीने उचलला. दुमडलेला सेपरेटर कॅमेऱ्याच्या प्रतिमेत ओळखणे, लाइन थांबवण्याचे धैर्य दाखवणे आणि नोंद नीट लिहिणे हे ज्याला जमते, त्याची कपातीच्या वेळी सहसा शेवटी आठवण होते.

अभ्यासक्रमाबद्दल माझे स्पष्ट मत असे आहे की, केवळ बॅटरीचे प्रमाणपत्र देणाऱ्या महागड्या वर्गावर पैसे घालू नयेत. पीएलसी (यंत्रे चालवणारा संगणकीय नियंत्रक), सर्व्हो ड्राइव्ह (अचूक हालचाल करणाऱ्या मोटरचे नियंत्रण), व्हिजन सिस्टीम (कॅमेऱ्याने तपासणी), न्यूमॅटिक्स (दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रणा), इन्स्ट्रुमेंटेशन आणि सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रण एवढे पक्के असलेला डिप्लोमाधारक सेलच्या कारखान्यात चालतो, आणि तो कारखाना बंद पडला तर औषधांच्या किंवा टायरच्या कारखान्यातही चालतो. रसायनशास्त्राचे पदवीधरही या उद्योगाला हवे असतात, ही गोष्ट मराठवाड्यातल्या बीएस्सीच्या मुलांपर्यंत पोहोचलेली नाही. सर, तुम्ही ती जरूर पोहोचवा.

भागानगरकर:

मी हैदराबादला असतो, म्हणून आमच्या शेजारचे उदाहरण देतो. महबूबनगरजवळ दिवितिपल्लीला अमरा राजा कंपनीचा प्रकल्प होत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगण सरकारशी करार झाला तेव्हा ९,५०० कोटी रुपयांची गुंतवणूक, १६ गिगावॅट अवर सेल, ५ गिगावॅट अवर पॅक आणि ४,५०० थेट रोजगार असे सांगितले गेले. महबूबनगर म्हणजे जुना पालमूर. तिथले मजूर पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-पुण्याकडे बांधकामावर येत राहिले आहेत. त्यामुळे त्या आकड्याला तिथे किती भावनिक वजन आहे, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मी सहज आकडे ताडून पाहिले. हॉलंडच्या विस्तारात २० गिगावॅट अवर वाढीमागे १,२०० माणसे, म्हणजे गिगावॅट अवरमागे ६० होतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या डी सोटो येथील पॅनासोनिकच्या कारखान्यात ३२ गिगावॅट अवरमागे ४,००० माणसे म्हटली आहेत, म्हणजे १२५ होतात. दिवितिपल्लीत सेलच्या क्षमतेने भागले तर हाच आकडा २८० च्या आसपास जातो. टाटा समूहाच्या साणंद येथील २० गिगावॅट अवर प्रकल्पाच्या २०२३ मधील करारात थेट व अप्रत्यक्ष मिळून १३,००० रोजगार सांगितले होते, तिथे हे प्रमाण ६५० होते. यंत्रे सगळीकडे जवळजवळ सारखीच असताना एवढा फरक का पडतो? काही अंशी आपल्याकडे मजुरी स्वस्त असल्याने माल हलवण्याची आणि पॅकिंगची कामे माणसांकडून होतात, पण मुख्य कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. एका ठिकाणी फक्त कंपनीच्या पटावरची माणसे मोजली जातात, तर दुसरीकडे ठेकेदाराची माणसे, सुरक्षारक्षक, उपाहारगृह, वाहतूक आणि पुरवठादारांकडचे कामगार हे सगळे धरले जातात. शिवाय डी सोटोचा कारखाना जुलै २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा तिथे सुमारे १,१०० लोकच कामावर होते. बाकीच्यांची भरती टप्प्याटप्प्याने व्हायची होती.

तेव्हा सर, पालकांना सांगताना थेट, कायम आणि पहिल्या टप्प्यातले असे तीन प्रश्न करून आकडा विचारायला सांगा.

उत्तरायण:

स्वीडनमधून लिहीत आहे. उत्तरेकडच्या शेलेफ्टिओ शहरातल्या नॉर्थव्होल्ट या बॅटरी सेल बनवणाऱ्या कंपनीबद्दल इथल्या मराठी कुटुंबांत आजही बोलले जाते, कारण भारतातून आलेले पुष्कळ अभियंते तिथे होते.

कंपनी २०१६ मध्ये स्थापन झाली आणि पहिला सेल डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर पडला. बर्फाळ, विरळ वस्तीच्या भागात जगभरातून माणसे आली, घरे बांधली गेली, शाळांमध्ये नवे वर्ग उघडले. पण यंत्रांमधून चांगला माल अपेक्षित प्रमाणात कधी निघालाच नाही. २०२४ च्या मध्यावर बीएमडब्ल्यूने सुमारे २ अब्ज युरोची मागणी रद्द केली. सप्टेंबरमध्ये शेलेफ्टिओचा ठरलेला विस्तार थांबवून देशभरात १,६०० जणांना कमी करण्याचे जाहीर झाले, आणि १२ मार्च २०२५ रोजी कंपनीने स्वीडनमध्ये दिवाळखोरी दाखल केली.

ज्यांच्याकडे कामाच्या परवान्यावरचा व्हिसा होता, त्यांना त्या वेळच्या नियमाप्रमाणे तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधायची होती. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने मुलीला नुकतेच स्वीडिश बालवाडीत घातले होते आणि घराचा वर्षभराचा करार केला होता. दोघेही सेल प्रक्रियेतले जाणकार असूनही त्या शहरात त्यांच्या ज्ञानाला दुसरा मालक नव्हता. म्हणून प्रवरा यांच्या मताला मी दुजोरा देतो, आणि त्यात इतकेच जोडतो की, नोकरी स्वीकारताना त्याच परिसरात आपले कौशल्य घेणारे आणखी दोन-चार कारखाने आहेत का हे पाहावे. वाळूज, शेंद्रा आणि चाकण या बाबतीत शेलेफ्टिओपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत.

गोदाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. प्रवरा यांचा मुद्दा मी विभागाच्या बैठकीत मांडणार आहे. आमच्याकडे पीएलसीचा एकच जुना संच आहे आणि व्हिजन सिस्टीमचा तर नाहीच, तेव्हा उपलब्ध निधी आधी तिकडे वळवता येईल. आणखी एक शंका आहे. माझ्या वर्गात मुलींची संख्या वाढत आहे. बॅटरीच्या कारखान्यात मुलींना घेत नाहीत, असे काही पालक ठामपणे सांगतात. यात कितपत तथ्य आहे?

प्रवरा:

सर, पालकांच्या या समजाला जुना आधार आहे. शिसे-आम्ल बॅटरीच्या कामात शिशाची धूळ आणि वाफ असते. गर्भावर होणारा तिचा परिणाम ध्यानात घेऊन, कारखाना कायद्याखालच्या धोकादायक प्रक्रियांच्या नियमांत शिशाच्या प्रक्रियेवर स्त्रियांना आणि अल्पवयीनांना कामाला ठेवण्यास मनाई होती. चिंचवड, तळोजा किंवा अहिल्यानगर इथल्या जुन्या पद्धतीच्या बॅटरी उद्योगाची माहिती असलेल्या घरांत तेच पक्के बसले आहे.

लिथियम बॅटरीत शिसे नसते, त्यामुळे तो निर्बंध तिथे लागू होत नाही. पॅक जोडणीच्या लाइनवर देशात अनेक ठिकाणी मुली मोठ्या संख्येने आहेत. तमिळनाडूत कृष्णगिरी जिल्ह्यातला ओलाचा विजेच्या स्कूटरचा कारखाना तर २०२१ मध्ये पूर्णपणे स्त्रियांनी चालवायचा म्हणून जाहीर झाला होता. सेलच्या कारखान्यात द्रावक आणि निकेल-कोबाल्टची पावडर असलेल्या विभागात काळजी घ्यावी लागते. स्लरीसाठी सर्रास वापरले जाणारे एनएमपी हे द्रावक गर्भवती स्त्रियांसाठी घातक मानले जाते, म्हणून मिक्सिंग आणि कोटिंगच्या विभागात काम करणाऱ्या मुलीला गरोदरपणात दुसऱ्या विभागात बदलून देण्याची लेखी तरतूद आहे का, हे मुलाखतीतच विचारावे. जबाबदार कंपनी या प्रश्नाचे उत्तर टाळत नाही. रात्रपाळीसाठी स्त्रीची संमती, ने-आण आणि सुरक्षिततेची व्यवस्था या अटी असतात, त्याही नेमणूकपत्राबरोबर समजून घ्याव्यात.

तुमच्या मुलींपैकी कोणाला इन्स्ट्रुमेंटेशन किंवा गुणवत्ता विभागात रस असेल, तर अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय सुचवायला मी तयार आहे. सेलचा अंतर्गत रोध मोजून त्यांचे गट पाडणारा छोटा चाचणी संच तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत सहज उभा राहू शकतो, आणि पॅकच्या लाइनवर नेमके तेच काम चालते.